मलेरियाची गोळी, आमवाताला: हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २००, सहा वर्षांनी

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

मी पावसला राहते, घरून उकडीचे मोदक करून देते. २०१९ च्या पावसाळ्यात सकाळी तासभर मुठी वळेनाशा झाल्या. मुखऱ्या पाडायला जी बोटं लागतात नेमकी तीच सुजली. आमवात निघाला, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तो आजार, पण सौम्य, म्हणून ह्या एकाच गोळीवर भागलं.

गोळी अतिशय सावकाश चालते. पहिला महिना काही नाही, वर पोट बिघडलेलं. जेवणावर घ्यायला लागले तेव्हा ते थांबलं. तिसऱ्या महिन्यात एक दिवस नारळ खवून झाला आणि मग लक्षात आलं, हात दुखलाच नाही. जिभेवर मात्र रेंगाळू देऊ नका, काडेचिराईत बरं वाटेल.

जवळच्या एका डॉक्टरांनी आधी रोज ४०० लिहून दिली होती. कोल्हापूरच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी बाजूला ठेवून मला काट्यावर उभं केलं. ४४ किलो. दर किलोला दिवसाचे ५ मिलिग्रॅम, त्यावर जायचं नाही. म्हणजे माझी मर्यादा २२०. चारशे म्हणजे जवळजवळ दुप्पट! मूत्रपिंडासाठी रक्तही तपासलं, कारण मूत्रपिंड मंदावलं की औषध अंगात साचतं. तुमच्या चिठ्ठीवर वजन लिहिलंय का, बघा एकदा.

शेजारच्या वहिनी विचारतात, "प्रतिकारशक्ती मारणारी गोळी ना गो ती?" मीही घाबरून हेच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, पेशीत एक आंबट कप्पा असतो, तिथे कचऱ्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे दाखवून शरीर आपल्या फौजेला उठवतं. ही गोळी तो आंबटपणा उतरवते, मग खोट्या हाका कमी होतात. फौज शाबूत राहते, त्यामुळे दुसऱ्या काही औषधांसारखा जंतुसंसर्गाचा धोका ही वाढवत नाही. दुसऱ्या महायुद्धात मलेरियाच्या गोळ्या घेणाऱ्या सैनिकांचे सांधे आणि अंगावरचे चट्टे सुधारले, तिथून हा उपयोग पुढे आला म्हणे.

आता कापलेला तारा. डोळे. वर्षानुवर्षं घेतली की डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. योग्य मात्रेत हे क्वचित होतं, पण झालेली इजा भरून येत नाही आणि सुरुवातीला आपल्याला कळतही नाही. म्हणून पहिल्या वर्षी एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. पहिल्यांदा मी न दिसलेल्या ठिपक्यांनाही बटण दाबत होते, शाळेत नापास व्हायची भीती! पुन्हा करावी लागली. मग पडद्याचा स्कॅन, तो दोन मिनिटांत. यंदाही डोळे स्वच्छ.

हृदयाचे ठोकेही ही बिघडवू शकते. खोकल्याला डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहीत होते, तेही ठोके बिघडवू शकतं, मी हिचं नाव सांगितल्यावर बदललं. ॲसिडिटीचं पातळ औषध चार तास लांब ठेवा.

आणि २०२०. करोनावर चालते अशी आवई उठली आणि आमच्या मेडिकलवाल्याने "स्टॉक नाही" म्हणून हात वर केले. माझ्या डोळ्यांदेखत त्याने नेहमीच्या एका गिऱ्हाईकाला चार पट्ट्या दिल्या, आजार काही नसताना! हे औषध अंगातून हळू उतरतं म्हणून महिनाभर निभावलं, मग बोटं पुन्हा आखडली. जूनमध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत करोनाचे मृत्यू हिने कमी होत नाहीत असं दिसलं, तेव्हा कुठे पट्ट्या दुकानात आल्या. त्या दुकानात मी आता पाऊल टाकत नाही.

पुढची डोळ्यांची तारीख ऑगस्टमध्ये येत होती. गणपतीच्या ऑर्डरी टाकून कोल्हापूरला जायला आंबा घाट कोण चढणार? जुलैची घेतलीय, दरड आडवी आली नाही म्हणजे मिळवलं.