एफटीपी की आरसिंक?

सीताबर्डी-इतवारीतील व्यापाऱ्यांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या नागपूरच्या डेव्हलपरला बदललेल्या फाइली वरचेवर सर्व्हरवर चढवाव्या लागतात. एफटीपी (फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल) हा त्यासाठीचा जुना मार्ग असून त्याचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी १९७१ साली लिहिला. फाइलझिला या एफटीपी प्रोग्राममध्ये फाइल ओढून टाकली की काम होते. स्वस्त होस्टिंगवर अनेकदा तेवढीच सोय असते. परंतु साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो आणि ग्राहकाच्या विश्वासाचा विचार करता हे मला अजिबात मान्य नाही.

१९९६ मध्ये आलेले आरसिंक हे फाइली पाठवण्याचे साधन फाइलींचा आकार व बदलाची वेळ ताडून केवळ बदललेल्या फाइली निवडते, त्यांतीलही जुन्या प्रतीशी न जुळणारे भागच पाठवते आणि एसएसएच या सर्व्हरशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीमार्गे चालवल्यास सर्व मजकूर कूटबद्ध राहतो. मध्येच वीज गेली, तरी तीच आज्ञा पुन्हा देता येते व पोहोचलेल्या फाइली वगळल्या जातात. मात्र स्रोत फोल्डरच्या नावाअखेरची तिरकी रेघ (/) द्यायची राहून गेली, तर आतील फाइलींऐवजी अख्खा फोल्डरच तिकडे जातो. आणि ‘डिलीट’ पर्याय सर्व्हरवरील जास्तीच्या, म्हणजे स्रोतात नसलेल्या, फाइली पुसतो, म्हणून आधी ‘ड्राय-रन’ (काहीही न बदलता नुसती चाचणी) लावून यादी नीट वाचावी.

एसएसएच मिळत असेल, तर आरसिंकच निवडावे. नसेल, तर होस्टिंगवाल्याकडे किमान एफटीपीएसचा, म्हणजे कूटबद्ध एफटीपीचा, आग्रह धरावा.