साडेचार तारे, पण दुकानाचं नाव सांगणार नाही

मी दोडामार्गची. अकरा वर्षं कळंगुटला एका हॉटेलात हाउसकीपिंग बघते आणि प्रेशरच्या गोळ्या दर महिन्याला एकाच फार्मसीतून घेते. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी वाचू नये अशी माणसंही रिव्ह्यू वाचतात.

आधी रडगाणं. दुपारी एक ते साडेतीन शटर खाली. एकदा तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले होते. सुटे पैसे कधीच नसतात, हातात खोकल्याच्या गोळ्या टेकवतात. अर्धा तारा तिथेच गेला.

बाकीचे साडेचार काउंटरवरच्या बाईंचे. गेल्या डिसेंबरात रांगेत माझ्यापुढे एक माणूस होता, सोबत मुलगी, विशीची असेल. त्याने मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवून अल्प्राझोलाम ही गुंगी आणणारी गोळी मागितली, वर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची चार पाकिटं. अल्प्राझोलाम एच-वन यादीतली, म्हणजे कडक नियमांच्या औषधांतली. 2014 पासून अशा औषधांना डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं, ते तीन वर्षं जपावं लागतं. बाईंनी नाव मुलीला विचारलं. उत्तर त्याने दिलं, आणि ते चिठ्ठीवरच्या नावाशी जुळेना. राहतेस कुठे विचारलं, तर ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आधार कार्डही त्याच्याच खिशात.

बाईंनी आवाज चढवला नाही. "हिचं जरा प्रेशर बघते," म्हणत तिला पडद्याआड स्टुलावर बसवलं. तो मागोमाग घुसायला लागला तेव्हा मात्र खणखणीत कोकणीत, "भायर राव!"

आत काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. रीत तेवढी सांगितली. "कार्ड देत नाही, अशा पोरींच्या पर्स तपासतात. 181, बायकांची हेल्पलाइन, पाठ करून घेते. अठराच्या आतली असली आणि तिला धंद्याला लावल्याचा संशय आला तर 112, पोलीस. तिथे पॉक्सो लागतो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, कळवावंच लागतं." बाई मूळच्या वास्कोच्या. म्हणाल्या, 2004 साली तिथली बायण्याची वेश्यावस्ती पाडली, पण धंदा कुठे थांबला? खोल्या-फ्लॅटांत शिरला.

72 तासांच्या, गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळीवरूनही अशा पोरी ओळखता का, असं मी विचारलं तेव्हा त्या वैतागल्या. "ती चिठ्ठीशिवाय मिळते, कोणीही घ्यावी. ईशान्येकडच्या पार्लरवाल्या पोरी आल्या की गिऱ्हाइकं कसे डोळे वटारतात, बघितलंस गे?" बघितलं होतं. मीही वटारले होते.

त्या माणसाला अल्प्राझोलाम मिळाली नाही.

रविवारी अर्धाच दिवस उघडं. घरपोच देत नाहीत. माझ्या गोळ्यांना नवऱ्याला पाठवलं, तर बाई त्याला विचारतात, "ती स्वतः का नाही आली?"