हेराला आई करून टाकणारे पुस्तक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात भाचीच्या शाळेत प्रश्नमंजूषा झाली. 'हर्क्युलीसची आई कोण?' या प्रश्नाला तिने क्षणाचाही विलंब न लावता 'हेरा' असे उत्तर दिले आणि तिच्या गटाचे 10 गुण गेले. घरी आल्यावर तिने पुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि "मामा, हे तूच आणलं होतंस," एवढेच म्हणाली. ते पुस्तक म्हणजे जेन कॅलोनिटा यांची 'गो द डिस्टन्स' ही 2021 सालची कादंबरी. डिस्नेच्या चित्रपटांच्या कथेला एका जागी वेगळे वळण देणाऱ्या 'अ ट्विस्टेड टेल' या मालिकेत ती मोडते. मालिकेची ओळख बहुतेकांना असेलच, त्यामुळे ती इथे पुन्हा करून देत नाही. मी 425 रुपये मोजले होते. आठ महिन्यांत भाचीची तीन आणि माझी दोन पारायणे झाली, म्हणजे एका वाचनाला 85 रुपये पडले.

आधी तक्रार. मूळ ग्रीक कथेत हेराक्लीसची (हे हर्क्युलीसचे ग्रीक नाव) आई अल्कमिनी नावाची मर्त्य स्त्री आहे, बाप देवांचा राजा झ्यूस आणि झ्यूसची पत्नी हेरा ही त्याची हाडवैरीण. पाळण्यात असतानाच त्याच्यावर साप सोडणारीही तीच. डिस्नेच्या 'हर्क्युलीस' या 1997 च्या चित्रपटाने मुलांसाठी हे सगळे पुसून तिला प्रेमळ जन्मदात्री केले आणि कादंबरी तोच संसार पुढे चालवते. पंखांचा घोडा पेगॅसस मेड्यूसा राक्षसीच्या रक्ताऐवजी ढगांतून घडला, कलांच्या नऊ देवींच्या, म्हणजे म्युझच्या, पाच झाल्या, ग्रीक देवांच्या मेळ्यात नायकाचे नाव मात्र रोमन राहिले, हे सारे मी सोडून दिले असते. हेरा मात्र सोडवत नाही, कारण इथे कथानकाची किल्लीच तिच्या हाती आहे. हर्क्युलीसला देवत्व परत मिळते, त्याची प्रेयसी मेग (म्हणजे मेगारा) मर्त्य असल्यामुळे तिला त्याच्यासोबत राहता येणार नाही असे झ्यूस सांगतो आणि तेव्हा हेराच पुढे होऊन मेगला ऑलिंपसवर, म्हणजे देवांच्या निवासस्थानी, जागा मिळवण्याची संधी देते. प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात हीच हेरा हेराक्लीसवर वेड घालते आणि त्या वेडाच्या भरात तो स्वतःच्या मुलांना आणि याच मेगाराला ठार मारतो. जिने घर उद्ध्वस्त केले तिच्याच हातून आता सुनेचे कल्याण होते, हे वाचताना पहिल्या खेपेस माझ्या कपाळावर आठ्या पडल्या, त्या शेवटच्या पानापर्यंत गेल्या नाहीत.

प्रश्नमंजूषेच्या दुसऱ्याच दिवशी मी ऑनलाइन विक्रेत्याला लिहिले की, ही चित्रपटावरून बेतलेली कादंबरी तुम्ही आपल्या यादीत 'ग्रीक पुराणकथा' या सदराखाली का ठेवली आहे. तीन पत्रांनंतर उत्तर आले की परतीची मुदत संपली असून वस्तू वापरलेली आहे. पुस्तक न वापरता त्यातील चूक कशी कळावी, या माझ्या चौथ्या पत्राला अद्याप उत्तर नाही. ते सदरही जसेच्या तसे आहे.

विक्रेत्याशी भांडायला पुरावा हवा म्हणून मी मूळ कथा पुन्हा वाचायला घेतल्या आणि तिथे माझीच थोडी पंचाईत झाली. हेराने मेगला दिलेली कामगिरी अशी की, ज्या जुन्या प्रियकरापायी ती पाताळाचा देव हेडीस याच्या कराराच्या फासात अडकली, त्याच्याच आताच्या बायकोला पाताळातून सोडवून आणायचे. पहिल्या वाचनात मला हे दूरदर्शन मालिकेतले वळण वाटले होते. मग युरिपिडीसचे इ.स.पू. 438 मधले 'अल्केस्टिस' हाती आले. त्यात ॲडमिटस राजाच्या वाट्याचे मरण त्याची पत्नी अल्केस्टिस स्वतःवर घेते आणि त्याच्या घरी पाहुणा म्हणून आलेला हेराक्लीस साक्षात मृत्यूशी झोंबी खेळून तिला परत आणतो. प्रियकराच्या जिवासाठी स्वतःला गहाण टाकणारी चित्रपटातली मेग मला एकदम अल्केस्टिसच्या जवळची दिसू लागली. फरक इतकाच की इथला पुरुष दुसरीबरोबर निघून जातो. कादंबरीत तर दुसऱ्याची बायको यमाच्या दारातून परत आणण्याचा हेराक्लीसचा पराक्रमही मेगच्याच वाट्याला येतो. लेखिकेने हे जाणून केले की योगायोगाने घडले, ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही. दुसऱ्या वाचनात मात्र पाताळाची पाने मी सावकाश वाचली आणि सवतीसारखी वाटणाऱ्या बाईसाठी जीव धोक्यात घालताना मेगची होणारी चिडचिड मला अगदी खरी वाटली.

चहाच्या चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी ओतले की रंग येतो, चव येत नाही, असे चित्रपटावरून लिहिलेल्या कादंबऱ्यांविषयी माझे मत होते. या पुस्तकापुरते ते मी मागे घेतो. इंग्रजी सोपे आहे, आठवीतल्या मुलीला शब्दकोश फारसा लागला नाही. विनोद चित्रपटाच्या वळणाचे आहेत आणि ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांना त्यातले निम्मे कळणार नाहीत.

हेराबद्दलची माझी तक्रार मात्र तसूभरही कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. हेराक्लीस या नावाचा अर्थच 'हेराची कीर्ती' असा होतो. वैरिणीच्या छळातून नाव झालेला वीर, हा त्या नावातला विरोधाभास आईच्या मायेखाली गाडला गेला. शिवाय मूळ कथेत ऑलिंपसवर गेल्यावर हेराक्लीसचे लग्न हेराच्याच हीबी या मुलीशी होते. मेग इतके कष्ट करून जी जागा मिळवू पाहते, ती तिथे आधीच भरलेली आहे. हे भाचीला सांगितल्यावर तिने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले.

तिसऱ्या दिवशी तिने वहीचा एक कागद फाडून पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटवला. त्यावर पेन्सिलीने खरी वंशावळ काढली आहे: झ्यूस आणि अल्कमिनी यांच्यामध्ये सरळ रेघ, हेराकडून हेराक्लीसकडे जाणारी दातेरी रेघ, त्या रेघेवर एक छोटा साप आणि कोपऱ्यात, चौकटीत, हीबी. मेगच्या नावाला तिने दोनदा अधोरेखित केले आहे. पुस्तक परत करण्याचा प्रश्न त्यामुळे कायमचा निकालात निघाला. मालिकेतले आणखी एक तिला हवे आहे. 300 रुपयांच्या आत मिळाले तर घेईन, आणि या वेळी विक्रेत्याने ते कोणत्या सदरात ठेवले आहे ते आधी पाहीन.