चिखलणी की गादीवाफे? कर्जतकडच्या भातखाचरांपुरती तुलना

नोकरी मुंबईत आणि वडिलोपार्जित खाचरे कर्जत-नेरळच्या बाजूला, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांना मे महिन्यात एक निर्णय घ्यावाच लागतो: यंदाही चिखलणी करून, म्हणजे साचल्या पाण्यात माती घोटून, रोपांची लावणी करायची, की नांगर न घालता गादीवाफ्यांवर, म्हणजे उंच वाफ्यांवर, भाताचे बी थेट टोकायचे? मुलुंडला राहून मी दोन्ही करून पाहिले आहे, त्यामुळे पुढील मजकूर अगदी तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही.

गादीवाफ्यांची पद्धत म्हणजे नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र. वाफे एकदाच करायचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची, हे बहुतेकांना ठाऊक असते. ती मुळे कुजून हवा-पाण्याला वाटा मोकळ्या होतात आणि गांडुळांना खाद्य मिळते. चिखलणीत जमिनीची हीच घडण दरवर्षी मोडली जाते. पाणी धरून ठेवण्यासाठी ती मोडावीच लागते, हेही मान्य करायला हवे.

माझा निर्णय मात्र मातीने नव्हे, पावसाने झाला. चिखलणीला जो मुसळधार पाऊस लागतो, नेमका त्याच पावसात रुळांवर पाणी साचून कर्जत लोकल बंद पडते. गावात पॉवर टिलर एकच. त्याची पाळी आपली असते तेव्हा आपण ठाण्याच्या फलाटावर उभे, आणि आपण शेतावर पोहोचतो तेव्हा टिलर दुसऱ्याच्या खाचरात. कर्जत-३ सारख्या हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या, भाताच्या जातीचे रोप अशा प्रतीक्षेत वाढून जाते आणि मग फुटवे कमी येतात. सलग तीन वर्षे हे सोसल्यावर मी वाफ्यांकडे वळलो, तेथे टोकणी जूनमध्ये एखाद्या शनिवार-रविवारी उरकते.

जीवसृष्टीतला फरक नंतर लक्षात आला. टिलरच्या मागे गायबगळ्यांची रांग चालते, ती पाहायला मला नेहमीच आवडत असे. ते बगळे वर फेकली गेलेली गांडुळे वेचत आहेत, हा विचार पूर्वी मनात आला नव्हता. आता ऑगस्टमध्ये वाफ्यावर गांडुळांची विष्ठा बारीक शेव सांडल्यासारखी दिसते आणि फावड्याच्या एका ढेकळात सात-आठ गांडुळे सहज निघतात. लावणीच्या खाचरात मला इतकी कधी दिसली नाहीत. मोजमाप म्हणून हे कच्चेच आहे, पण नांगरट न करता त्याच वाफ्यावर टोकलेला वालही चांगला येतो.

वाफ्यांची खरी अडचण तणाची आहे. लावणीत साचलेले पाणी तण दाबून ठेवते, वाफ्यावर ते काम कोणी तरी करावे लागते. मूळ शिफारशीत त्यासाठी तणनाशके आहेत. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे, आणि तसेही माती जपायची म्हणून नांगर सोडायचा व वर फवारणी करायची, हे माझ्या मनाला पटत नाही. मी तण विळ्याने कापतो आणि दोन बेणण्या, म्हणजे खुरपण्या, करतो. त्या मजुरीत लावणीची बरीचशी बचत जाते, आणि पहिल्या वर्षी लव्हाळ्याने मला इतके हैराण केले की निर्णय चुकला असे वाटले होते. पोतीही त्या वर्षी कमी आली. बेणणीला माणसे मिळतच नसतील, तर लावणीच सोयीची ठरू शकेल.

बांधावरची ऐनाची झाडे आणि गवत दोन्ही पद्धतींत राखता येते. तेथे तुलनेचा प्रश्न नाही.

ओढ्यालगतचे खालचे खाचर मात्र मी अजून लावणीलाच ठेवले आहे. तेथे वाफ्यावरचे बी दोनदा कुजले, आणि पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यातून वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध येणारे, मासे चढतात ते याच खाचरात. तेवढ्या पाच गुंठ्यांसाठी मी आजही टिलरवाल्याला फोन करतो.