लहान शहरात आठ महिने: बाहेरचं जेवण आणि करमणूक, प्रत्यक्ष वापरून

बदली होऊन मोठ्या शहरातून इथे आले, त्याला आठ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर पाचपैकी दोन तारे देऊन मोकळी झाले असते. आज साडेतीन देते.

पहिली चूक माझीच. जुन्या सवयीने मोबाइल उघडायचा, तारे बघायचे आणि निघायचं. पण इथे एकेका हॉटेलला जेमतेम दहा-बारा अभिप्राय. दहा जणांनी पाच-पाच तारे दिले आणि अकराव्याने रागाच्या भरात एकच टेकवला, की सरासरी थेट ४.६ वर येते. हजार अभिप्राय असते तर तो एक तारा कुणाला कळलाही नसता. शिवाय त्या दहांत मालकाचे मेहुणे किती, हा प्रश्न वेगळाच. आता मी आकडा बघतच नाही; सगळ्यात ताजे अभिप्राय आणि गिऱ्हाइकांनी काढलेले मेनूकार्डाचे फोटो तेवढे चाळते.

गूगलने २०१५ मध्ये सुरू केलेला गर्दीच्या वेळांचा आलेखही इथे फारसा कामाचा नाही. तो लोकांच्या मोबाइलच्या लोकेशनची माहिती, नावं गाळून, एकत्र करून बनतो. येणारी माणसंच कमी असली की आलेख दिसत नाही. त्यामुळे सरळ फोन करते आणि एकच गोष्ट विचारते: शेवटची ऑर्डर किती वाजता घेता?

हा प्रश्न मी धडा मिळाल्यावर शिकले. 'अकरापर्यंत चालू' वाचून एके रात्री पावणेदहाला पोचले. अर्ध्या टेबलांवर खुर्च्या पालथ्या टाकलेल्या, फरशीवर फिनाइलचा वास. वेटर म्हणाला, "ताई, काय हवं ते आत्ताच सांगा, आत गॅस बंद करतायत." अकरा ही शटर ओढायची वेळ होती, स्वयंपाकघर त्याच्या तासभर आधीच आवरतं. तेव्हापासून इथे जागांपेक्षा वेळा पाठ करणं महत्त्वाचं वाटायला लागलं.

घरपोच जेवणाचं म्हणाल तर ठीकठाक. ॲप ठरावीक अंतरातलीच हॉटेलं दाखवतं, त्यामुळे गावाबाहेरच्या रस्त्यावरचं माझं सगळ्यात आवडतं हॉटेल त्यात कधीच आलं नाही. शेजारणीने सांगितलं म्हणून कळलं. तिथून पार्सल मीच घेऊन येते.

सिनेमाचं गणित मात्र पूर्ण बदललं. पडदे मोजकेच, त्यामुळे नवा चित्रपट आला की जुन्याचे खेळ लगेच आटतात. 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणत मी तीन चित्रपट हुकवले. एकदा रात्रीच्या खेळाला आम्ही चौघंच होतो. दारावरचा माणूस दोनदा डोकावून गेला, तिसऱ्यांदा येऊन म्हणाला, "अजून कुणी येणार आहे का तुमच्यातलं?" आम्ही चौघं एकमेकांना ओळखतही नव्हतो! खेळ रद्द झाला. पैसे परत मिळाले, पण संध्याकाळ गेली ती गेलीच. मात्र त्या चौघांपैकी दोघींबरोबर मी आता दर बुधवारी जेवायला जाते, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू?

खरी करमणूक ऑनलाइन कुठेच सापडत नाही. ती वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असते. हौशी नाटकवाल्यांची तालीम, गाण्याची बैठक, रविवारची टेकडी. सगळं मला तिथेच कळलं. तालमीला नुसतं बसायला गेले होते, तिसऱ्या दिवशी प्रॉम्प्टिंगची वही माझ्या हातात. मोठ्या शहरात अकरा वर्षं राहून असं कुणी काही सोपवलं नव्हतं. वरचा पूर्ण एक तारा त्या वहीचा.

मोठ्या मैफिलीसाठी अजूनही बाहेरगावी जावं लागतं, आणि शेवटची गाडी गाठायची म्हणून शेवटचं गाणं सोडावं लागतं. त्याचा दीड तारा कापलाय. आणि सोमवारी इथे निम्मी हॉटेलं बंद असतात, फळाही कोरा असतो. सोमवारचं अजून काही जमलेलं नाही; कुणाला माहीत असेल तर सांगा.