‘डबल पावर’चा एकच डोस

पिसाळलेल्या कुत्र्याने आमच्या दुभत्या गायीच्या नाकपुडीचा चावा घेतला, त्या दिवशी सरकारी पशुवैद्य दुसऱ्या गावी होते. थांबायला हवं होतं. पण घाबरून गावोगाव फिरणाऱ्या एका मोटारसायकलवाल्या ‘डॉक्टर’ला बोलावलं. भर उन्हात डिकीतून बाटली काढून त्याने सुई टोचली आणि ७०० रुपये घेतले. पुढचे डोस कधी, विचारलं तर म्हणाला, “दादा, हा डबल पावरचा आहे. एकातच काम.” जखम धुवायचं नावही काढलं नाही. रिकामी बाटली मी गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली. वाचली मात्र नाही. रोज पेपर वाचणारा माणूस मी, लिहिताना लाज वाटते.

सव्वा महिन्याने गायीने वैरण सोडली. तोंडातून लाळेच्या तारा, पाण्याला तोंड लावी पण घोट उतरेना. आवाज घोगरा झालेला, तरी रात्रभर हंबरत होती. मागचे पाय लटपटत, सारखी कुथायची. पुन्हा तोच आला. “घशात काहीतरी अडकलंय,” म्हणत कोपरापर्यंत हात घातला, मलाही घालायला लावला. उसाच्या पाचटाने माझे हात आधीच चिरलेले. याचे वेगळे ५००.

दुसऱ्या दिवशी सरकारी डॉक्टर आले. गाय लांबूनच पाहिली आणि विचारलं, “तोंडात हात कोणी घातला?” कोनाड्यातली बाटली दाखवली. बी-कॉम्प्लेक्सची निघाली.

त्यांनी सांगितलं, रेबीजचा विषाणू जखमेतून नसांमार्गे मेंदूत चढतो. तिथे सूज आली की इलाज नाही. चावल्याबरोबर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची, लगेच पहिला डोस, मग ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. लस बर्फात ठेवूनच आणलेली हवी. चौथ्या दिवशी गाय गेली. मेंदूचा नमुना पाठवला, रेबीजच निघाला. दूध आम्ही उकळून घेत होतो, तेवढी एक चिंता कमी. निकालाची वाट न पाहता घरातल्या चौघांनी लस सुरू केली होती.

जनावराला कुणी सुई लावायच्या आधी नोंदणी क्रमांक विचारा, बाटली स्वतः वाचा. डॉक्टर मिळत नसेल तर जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.

त्या माणसालाही मी कळवलं होतं. त्याने फोन कापला. सातव्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात गेलो तर बाकावर तोच, बाही वर सारून बसलेला. हातातल्या कागदावर पुढच्या सगळ्या तारखा नीट लिहून घेतलेल्या.