चामड्याची वस्तू घेताना : म्हैस, गाय, शेळी की मेंढी?

"अस्सल चामडे आहे ना?" हा प्रश्न बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या पेठेत प्रत्येक गिऱ्हाईक विचारते, आणि दुकानदाराचे उत्तर खरे असले तरी त्यावरून घेणाऱ्याला फारसे कळत नाही. म्हशीचे चामडेही अस्सल असते आणि मेंढीचेही. परंतु म्हशीच्या चामड्याचे जाकीट दिवसभर घातले तर खांदे भरून येतील आणि मेंढीच्या चामड्याचा कमरपट्टा थोड्याच दिवसांत ताणून सैल होईल. जनावर कोणते, कातडे अंगाच्या कोणत्या भागाचे आणि ते कमावले कसे, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे.

आपल्या भागात तुलनेचा आरंभ चपलेपासूनच करावा लागतो. कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत, आणि अथणी व निपाणी ही त्यातली जुनी कामाची ठिकाणे आहेत. अथणीत एका कारागिराच्या ओसरीवर मी टाचेचा ताजा कापलेला तुकडा हातात घेऊन पाहिला होता : वरपासून आतपर्यंत एकच तांबूस रंग, आणि बाभळीच्या सालीचा तुरट वास. तळासाठी म्हशीचे जाड कातडे, तेही पाठीकडचे, कारण पोटाकडचे ढिले असते आणि लवकर पसरते; वरच्या पट्ट्यासाठी त्याहून पातळ कातडे, आणि वेणीसाठी शेळीचे, कारण बारीक पट्टी काढूनही ते तुटत नाही. शिलाई चामड्याच्याच वादीने होते, खिळा लागत नाही.

या चपलेची उणीवही सांगितली पाहिजे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे पाणी पिते. खानापूरच्या पावसात ती घालून हिंडल्यास तळ फुगतो, आणि ओल्या जोडीवर दोन दिवसांत बुरशी धरते. क्रोम क्षारांनी कमावलेले चामडे मऊ असते, पाणी व उष्णता अधिक सोसते आणि फार कमी वेळात तयार होते. मात्र साल-हिरड्याच्या चामड्याला वापराने चढणारी गडद झळाळी त्याला तशी येत नाही. आतपर्यंत रंगवलेले नसेल, तर त्याची कापलेली कड निळसर करडी दिसते.

पाकीट घ्यायचे असेल, तर मी गाईच्या चामड्यापेक्षा शेळीचे पसंत करीन. गाईच्या चामड्याचा पृष्ठभाग सपाट आणि देखणा असतो, पिशवीसाठी किंवा बुटासाठी त्याला तोड नाही. पण पाकिटासाठी तासून पातळ करताना त्याचे बळ कमी होते. शेळीचे कातडे मुळातच पातळ, घट्ट आणि बारीक दाण्याचे असते. शिवाय महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्याही आणि कर्नाटकात २०२१ पासून साऱ्या गोवंशाच्या कत्तलीवर बंदी असल्याने, "गाईचे" म्हणून दाखवलेला माल कुठला, हे विचारायला संकोच करू नये.

जाकिटाच्या बाबतीत मेंढीचे चामडे सर्वांत मऊ आणि हलके असते. बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी ते अंगावर सुखद वाटते. तथापि लोकरीमुळे त्या कातड्याची वीण सैल असते, म्हणून ते लवकर खरचटते. रोज दुचाकीवरून हिंडणाऱ्याने शेळीचे किंवा गाईचे जाकीट घ्यावे.

साप, मगर यांच्या कातड्याचा विचारच सोडावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांचा व्यापार गुन्हा ठरू शकतो.

कमरपट्ट्यासाठी म्हशीच्या चामड्याची एकसंध, एकाच थराची पट्टी उत्तम. येथे मी स्वतः फसलो आहे. अस्सल म्हणून घेतलेला एक पट्टा दुसऱ्या पावसाळ्यात बक्कलाजवळ पापुद्रे सोडू लागला, आणि आत चामड्याचा भुगा डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून वर प्लास्टिकचा लेप दिलेला निघाला. नियमाने बोलायचे तर त्यात चामडे होतेच. तेव्हापासून मी पट्ट्याची कड आणि भोके आधी पाहतो : एकसंध चामड्यात तंतू दिसतात, चिकटवलेल्या मालात थर दिसतात. कडेला जाड रंग फासून ती झाकली असेल, तर वस्तू परत ठेवावी.

चप्पल शक्यतो पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास घ्यावी आणि पट्टा किंचित आवळ वाटणारी जोडी निवडावी, कारण हिरड्याने कमावलेले चामडे पायाच्या मापाने सैलावते. दुकानातच सैल वाटणारी जोडी होळीपर्यंत पायातून निसटू लागते.